खोलीत खोली कशी आणायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एका मध्यम आकाराच्या खोलीत तुम्ही मुलाखतींचे व्हिडिओ आणि पोर्ट्रेट करता. दोन एलईडी पॅनेल आहेत, दोन्हींना सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणारी कापडी पेटी), कॅमेऱ्याच्या डावी-उजवीकडे सारख्याच अंतरावर. माणूस भिंतीपासून हातभर पुढे बसतो. एफ १.८ ची लेन्स घेऊन झाली, तरी चित्र 'पासपोर्टच्या फोटोसारखं चपटं' येतं. आता तिसरा, रंगीत लाइट घ्यावा का?

घेऊ नका. निदान आज तरी नको. आधी आहेत त्या दोनांपैकी एक बंद करा.

आपल्या भाषेची गंमत अशी की रूमलाही आपण खोली म्हणतो आणि डेप्थलाही खोलीच. तुमच्या फ्रेममध्ये पहिली खोली कानाकोपऱ्यासकट दिसते आहे, म्हणूनच दुसरी दिसत नाही. समोरच्या माणसाकडे आपण दोन डोळ्यांनी बघतो, दोघांना किंचित वेगळं चित्र दिसतं आणि मेंदू त्या फरकातून अंतराचा अंदाज बांधतो. कॅमेरा बिचारा एकाक्ष. त्याच्याकडून खोली वदवून घ्यायची तर बरीचशी भिस्त उजेड-अंधाराच्या चढ-उतारावर असते, आणि तुमचे दोन सारखे लाइट नेमका तो चढ-उतारच पुसून टाकताहेत. डाव्या लाइटने पाडलेली सावली उजवा भरून काढतो, उजव्याची डावा.

लेन्सबद्दलही एक गैरसमज आधीच दूर करतो. एफ १.८ मुळे मागचं धूसर होतं, पण चेहरा गोल होत नाही. धूसर भिंतीपुढे चपटा चेहरा, एवढाच बदल पदरात पडतो. तुम्हाला हव्या आहेत त्या दोन निराळ्या गोष्टी: एक म्हणजे चेहऱ्याची गोलाई आणि दुसरी चेहरा व भिंत यांच्यातलं अंतर. गोलाई येते लाइटच्या दिशेमुळे. अंतर दिसतं ते पुढच्या आणि मागच्या थरावर पडणाऱ्या उजेडाच्या फरकामुळे. या दोन्हींची गल्लत झाली की माणूस लाइट विकत घेत सुटतो.

आधी दिशा. खोली पूर्ण अंधारी करा, छतावरची ट्यूबसुद्धा बंद. कुणाला तरी खुर्चीत बसवा, एकच लाइट हातात घ्या आणि त्याच्याभोवती हळूहळू फिरा. लाइट लेन्सला चिकटून असेल तर नाकाची सावली नाकामागेच लपते आणि चेहरा ताटलीसारखा दिसतो. सुमारे ४५ अंश बाजूला गेलात आणि डोळ्यांच्या पातळीच्या थोडं वर धरलंत की नाकाची सावली गालावर तिरकी उतरते. आणखी थोडं सरका. आता ती सावली गालाच्या सावलीला जाऊन मिळते आणि अंधाऱ्या बाजूच्या डोळ्याखाली उजेडाचा एक छोटा त्रिकोण उरतो. रेम्ब्रांट या १७ व्या शतकातल्या डच चित्रकाराच्या नावाने ही प्रकाशयोजना ओळखली जाते. ९० अंशांवर चेहरा अर्धा होतो, आणि त्याही मागे गेलात तर फक्त कडा उजळते. हा फेरा दहा मिनिटांत होतो, पण त्यात जे कळतं ते शंभर आकृत्या बघून कळत नाही. फिरताना बुबुळातल्या चमकेवर लक्ष ठेवा. ती नाहीशी झाली तर लाइट फार वर गेला आहे किंवा फार मागे.

आता मुलाखतीसाठी यातलं सगळ्यात उपयोगी. बोलणारा माणूस सहसा लेन्सकडे न बघता शेजारी बसलेल्या मुलाखतकाराकडे बघतो, म्हणजे त्याचा चेहरा कॅमेऱ्यापासून थोडा वळलेला असतो. मुख्य लाइट मुलाखतकाराच्या पलीकडे ठेवा. क्रम असा: कॅमेरा, त्याच्या शेजारी मुलाखतकार, मग लाइट. असं केलं की चेहऱ्याची लांबची बाजू उजळते आणि कॅमेऱ्याकडची रुंद बाजू हळूहळू सावलीत जाते. गालाचं हाड, जबड्याची रेघ, डोळ्याची खोबण सगळं आकार घेतं. हाच लाइट कॅमेऱ्याच्या दुसऱ्या बाजूला नेलात तर कानापासून नाकापर्यंतचा सगळा गाल एकसारखा पांढरा होतो. माझ्याकडे आलेल्या नवख्यांपैकी बहुतेकांचा लाइट या चुकीच्या बाजूला असतो, कारण तिथे स्टँड ठेवायला जागा मोकळी असते. दुसरं कारण मला अजून सापडलेलं नाही.

मऊपणा वेगळा. तो लाइटच्या किमतीवर ठरत नाही. माणसाच्या जागेवरून लाइट केवढा मोठा दिसतो, त्यावर ठरतो. ६० सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स चेहऱ्यापासून ७० सेंटिमीटरवर असेल तर सावलीची कड अलगद विरघळते. तोच तीन मीटरवर नेला की जवळजवळ बल्बसारखा वागायला लागतो. मऊ उजेड म्हणजे सावली नसलेला उजेड, हा समज मात्र सोडा. मऊ उजेडातही सावली भरपूर असते, फक्त तिची कड सावकाश बदलते. गोलाई दिसते ती याच बदलाच्या पट्ट्यात.

आता अंतराकडे. इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण तुमचं खरं दुखणं इथे आहे आणि त्यावरचा उपाय फुकट आहे.

लाइटपासूनचं अंतर दुप्पट झालं की उजेड निम्मा होत नाही, चौथाई होतो. कॅमेऱ्याच्या भाषेत दोन स्टॉप कमी. एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. आता तुमच्या खोलीत मांडून बघू. लाइट चेहऱ्यापासून तीन मीटर आणि भिंत चेहऱ्याच्या मागे एक मीटर असेल, तर भिंत लाइटपासून चार मीटरवर येते. चेहरा आणि भिंत यांच्यातला फरक एक स्टॉपसुद्धा भरत नाही. म्हणजे भिंत आणि चेहरा जवळपास सारखेच उजळ, म्हणजेच चपटं. आता माणसाला हलवू नका, फक्त लाइट एक मीटरवर आणा. भिंत दोन मीटरवर, फरक दोन स्टॉप. लाइट अर्ध्या मीटरवर आणला तर भिंत दीड मीटरवर, म्हणजे चेहऱ्याच्या तिप्पट अंतरावर. तिच्यावर चेहऱ्याच्या एक-नवमांश उजेड पडेल, तीन स्टॉपपेक्षा थोडा जास्तच फरक. तोच लाइट, तीच भिंत, तोच माणूस, आणि पांढरी भिंत करडी झाली. लाइट एक मीटरवरच ठेवून माणसाला भिंतीपासून तीन मीटर पुढे आणलं तर फरक चार स्टॉपचा होतो, आणि भिंत अंधारात जाते.

हे गणित लहान स्रोताचं आहे. मोठा सॉफ्टबॉक्स अगदी तोंडाशी आणला की उजेड या हिशेबापेक्षा सावकाश उतरतो, पण कल तोच राहतो. फार जवळ आणण्याचा एक तोटा मात्र व्हिडिओवाल्यांनी लक्षात ठेवावा. लाइट ५० सेंटिमीटरवर असताना बोलणारा जोशात येऊन १० सेंटिमीटर पुढे झुकला, तर त्याच्या चेहऱ्यावरचा उजेड दीडपटीहून जास्त वाढतो. फोटोत ते चालून जातं. मुलाखतीत दर वाक्याला चेहरा उजळतो-मावळतो. म्हणून मी पोर्ट्रेटसाठी लाइट खुशाल अर्ध्या मीटरवर आणतो, पण बोलणाऱ्या माणसासाठी ८० सेंटिमीटर ते सव्वा मीटरच्या मध्ये ठेवतो.

खोली लहान आहे, माणसाला तीन मीटर पुढे कुठून आणू, असं म्हणाल. तिरकं बसवा. ३ बाय ४ मीटरच्या खोलीत कोपरा ते कोपरा अंतर ५ मीटर असतं. कॅमेरा एका कोपऱ्यात, समोरचा कोपरा पार्श्वभूमीला. शिवाय दोन भिंती कोनात मिळतात, त्या एकसारख्या उजळत नाहीत आणि फ्रेममध्ये आपोआप एक रेघ मागे जाताना दिसते.

एवढं करूनही सावली राखाडी, मेलेली वाटत असेल तर दोष भिंतींचा. पांढऱ्या भिंती आणि पांढरं छत म्हणजे न मागता मिळालेले चार-पाच रिफ्लेक्टर. चेहऱ्याच्या अंधाऱ्या बाजूला, फ्रेमच्या लगेच बाहेर, काळं कापड उभं टांगा. चादरीएवढं पुरतं. सावली एकदम गडद होते. उलट सावली फारच खोल वाटली तर तिथेच पांढरा थर्माकोल धरा आणि मागेपुढे करून हवी तेवढी भरा. दुसरा लाइट सावली भरायला वापरणं मी जवळपास सोडूनच दिलं आहे, कारण त्याची स्वतःची दिशा आणि स्वतःची सावली असते. मुलाखतीत दोन्ही गालांत दीड-दोन स्टॉपचा फरक ठेवावा, गंभीर विषयाला तीनपर्यंत जावं. त्यापुढे साधे कॅमेरे सावलीत गोंगाट, म्हणजे बारीक दाणे, दाखवायला लागतात.

वळवलेल्या उजेडाची ताकद किती असते, याचं एक जुनं उदाहरण आपल्याच सिनेमात आहे. १९५६ च्या 'अपराजितो'मध्ये बनारसच्या घराचं अंगण स्टुडिओत उभारलं होतं. छायालेखक सुब्रत मित्र यांनी त्या सेटवर पांढरं कापड ताणून बसवलं आणि खालून लाइट मारून त्यावरून उजेड परत खाली आणला. उघड्या अंगणात आकाशातून झिरपतो तसा तो उजेड दिसतो. तिथे त्यांनी उजेड वरून मऊ केला, पण अंगणाच्या कडांना, ओसरीच्या आत तो कमी होत जाऊ दिला. चपटेपणा मऊ उजेडामुळे येत नाही, सगळीकडे सारख्या उजेडामुळे येतो, हे त्यात स्पष्ट दिसतं.

आता तुमचा दुसरा पॅनेल. तो माणसाला विसरून, फक्त भिंतीसाठी वापरायचा. माझी सगळ्यात आवडती युक्ती ही: चेहऱ्याची जी बाजू उजळ आहे तिच्या मागची भिंत अंधारी, आणि जी बाजू अंधारी आहे तिच्या मागची भिंत उजळ. बुद्धिबळाच्या पटासारखं. अंधारा गाल उजळ भिंतीवर ठळक उठतो, उजळ गाल अंधाऱ्या भिंतीवर. माणूस पार्श्वभूमीपासून सुटून पुढे येतो आणि कुणालाही कळत नाही का ते. पॅनेलचा सॉफ्टबॉक्स काढा, तो भिंतीच्या जवळ, खाली किंवा बाजूला ठेवा आणि भिंतीवरून घासत जाईल असा तिरका वळवा. अख्खी भिंत रंगवू नका, एक ढग पडल्यासारखा डाग पाडा, कडा विरत जाणारा. तो चेहऱ्यापेक्षा एक-दीड स्टॉप खालीच असू द्या. उजेड माणसाच्या पाठीवर सांडत असेल तर मध्ये कटर लावा. काळा पुठ्ठा आणि चिमटा, झाला कटर.

मागून केसांवर मारायचा लाइट शिकवताना सगळेच आग्रहाने सांगतात. मी जरा हात आखडून सांगतो. काळे केस, काळी पार्श्वभूमी, काळा सदरा असेल तर तो हवाच, नाहीतर डोकं अंधारात बुडतं. एरवी प्रत्येकाच्या डोक्यामागे प्रभावळ लावली की माणूस देवाच्या तसबिरीतला वाटतो. लावायचाच तर अंधाऱ्या गालाच्या बाजूने, मागून, अगदी मंद लावा. टक्कल असलेल्या माणसावर आणखी मंद. आणि लेन्सवर थेट येत असेल तर पुठ्ठ्याने अडवा, नाहीतर सगळ्या फ्रेमचा काळा रंग धुतला जातो, आणि मग इतकी मेहनत करून मिळवलेली खोली पुन्हा गेली.

फ्रेमच्या आत दिसणारा दिवा, म्हणजे कोपऱ्यातला टेबल लॅम्प वगैरे, हा खोलीचा सगळ्यात स्वस्त थर. मागे एक उबदार ठिपका दिसला की नजर तिथपर्यंत जाऊन येते. मात्र घरगुती बल्ब कॅमेऱ्यात पांढरा फटक पडतो. कमी वॉटचा बल्ब लावा, किंवा शेडच्या आत, कॅमेऱ्याकडच्या बाजूला, बल्बला न टेकता एक ट्रेसिंग पेपर लावा. पुढचा थरही विसरू नका. लेन्सजवळ, फ्रेमच्या कडेला एखादी अंधारी, धूसर वस्तू असली की पुढचं, मधलं, मागचं असे तीन थर होतात.

भिंतीवर जाळीची किंवा पानांची सावली पाडायची असेल तर एक व्यावहारिक अडचण सांगतो. तुमच्या पॅनेलमध्ये शेकडो बारीक एलईडी आहेत, त्यामुळे सावली एक न पडता शेकडो पडतात आणि सगळ्या मिळून चिखल होतो. इथे एकाच ठिपक्यातून उजेड येणारा लाइट लागतो, साधी टॉर्चही चालते. पानं लाइटपासून लांब आणि भिंतीच्या जवळ नेली की सावली रेखीव होते, लाइटच्या जवळ आणली की पसरट आणि धूसर. मला धूसरच जास्त आवडते. रेखीव सावली लगेच ओळखू येते आणि लोक माणूस सोडून ती बघत बसतात.

धुराबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण खोली म्हटल्यावर तो आलाच. हवेत बारीक कण असले की लांबचा काळा रंग किंचित फिकट होतो, जवळचा तसाच राहतो. धुक्यातल्या डोंगररांगा एकामागे एक फिकट होत जातात तसं. १९५९ च्या 'कागज के फूल'मध्ये रिकाम्या स्टुडिओत उतरणारा तो प्रसिद्ध झोत छायालेखक व्ही. के. मूर्ती यांनी बाहेरचं ऊन दोन मोठ्या आरशांनी आत वळवून मिळवला होता. झोत दिसायला दोन अटी: हवेत कण हवेत आणि उजेड मागून किंवा बाजूने, कॅमेऱ्याच्या दिशेने यायला हवा. कॅमेऱ्यामागून मारलात तर झोत न दिसता नुसतं पांढुरकं दिसतं. हेझ मशीन, म्हणजे असा विरळ धूर सोडणारं यंत्र, वापराल तर आगीचा भोंगा कुठे आहे ते आधी बघा, आणि दम्याचा त्रास असलेल्यांना आधी विचारा.

रंग शेवटी, आणि थोडक्यात, कारण तुमचा सगळा जीव तिथेच अडकला आहे. आधी चित्र काळं-पांढरं करून बघा. त्यात खोली नसेल तर निळा-नारिंगी ओतून येणारी खोली तकलादू असते. रंगाचा फरक लागतो थोडासाच. तो केल्विनमध्ये मोजतात; आकडा जितका कमी, तितका उजेड उबदार. कॅमेरा ५६०० केल्विनवर, चेहऱ्यावरचा पॅनेलही ५६०० वर, आणि मागचा लॅम्प २७०० ते ३२०० च्या आसपास: एवढ्याने मागचा थर उबदार होऊन वेगळा पडतो आणि कातडीचा रंग शाबूत राहतो. पूर्ण गडद निळ्या किंवा लाल लाइटमध्ये एक धोका लपलेला असतो. एकूण एक्स्पोजर ठीक दिसतं, पण तेवढा एकच रंग काठोकाठ भरून सांडलेला असतो आणि भिंत सपाट रंगाचा पुठ्ठा होते. लाल, हिरवा, निळा या तिन्ही रंगांचा हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाच्या वाटणीचा आलेख, वेगवेगळा बघा. छतावरची ट्यूब चालू ठेवून वर हे सगळं करत असाल तर तिची हिरवट झाक प्रत्येक सावलीत शिरेल.

फोटोला फ्लॅश वापरलात तर एक जास्तीची किल्ली हातात येते. शटर उघडं राहण्याचा वेळ बदलल्याने फ्लॅशच्या उजेडात फरक पडत नाही, खोलीतल्या चालू दिव्यांच्या उजेडात पडतो. १/२०० वरून १/५० वर आलात की मागचे दिवे दोन स्टॉप वर येतात, चेहरा होता तसाच. म्हणजे पुढचा थर ॲपर्चरने (लेन्सच्या छिद्राने) आणि फ्लॅशच्या ताकदीने, मागचा शटरने. कॅमेऱ्याच्या सिंकच्या मर्यादेपेक्षा, म्हणजे फ्लॅशशी जुळणाऱ्या सगळ्यात वेगवान शटरपेक्षा (बहुतेकांत १/२०० किंवा १/२५०), वेगवान मात्र जाऊ नका, काळा पट्टा येतो. व्हिडिओत ही सोय नाही. तिथे २५ फ्रेमला शटर १/५० वर बांधलेलं असतं, आणि ५० हर्ट्झच्या विजेवर तेच बरं, कारण साधे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. काही एलईडी डिमर अगदी खाली नेला की पट्टे पाडतात. अशा वेळी डिमर वर ठेवून लाइट लांब न्या किंवा पुढे ट्रेसिंग पेपर लावा.

खिडकीचा उजेड सुंदर असतो, हे मलाही मान्य आहे. पण एकदा दोन तासांची मुलाखत मी नुसत्या खिडकीवर काढली. सुरुवातीला ढग होते, मध्ये ऊन आलं, शेवटी खिडकीच सावलीत गेली. एडिटिंगला बसल्यावर पहिलं आणि शेवटचं उत्तर शेजारी ठेवताच येईना. चेहरा तोच, दिवस वेगळा. आता लांबलचक बोलण्यासाठी खिडकी पडद्याने बंद करतो आणि तिच्याच दिशेने लाइट लावतो.

तर आज संध्याकाळी असं करा. ट्यूब बंद, पडदे बंद. खुर्ची तिरकी, कोपऱ्यापासून अडीच मीटर पुढे. पहिला पॅनेल सॉफ्टबॉक्ससह मुलाखतकाराच्या पलीकडे, चेहऱ्यापासून एक मीटर, डोळ्यांच्या थोडा वर. अंधाऱ्या गालाच्या बाजूला काळं कापड. दुसरा पॅनेल सॉफ्टबॉक्स काढून, त्याच अंधाऱ्या गालामागच्या भिंतीवर तिरका. काही विकत घ्यायचंच असेल तर पहिल्या सॉफ्टबॉक्ससाठी जाळीदार ग्रिड घ्या, म्हणजे त्याचा उजेड भिंतींवर सांडणार नाही. मग कॅमेऱ्याचा मॉनिटर काळा-पांढरा करा, चार पावलं मागे या आणि डोळे बारीक करून बघा. चेहऱ्याची कड आणि भिंत एकाच करड्या रंगात मिसळत असतील, तर लाइटला हात लावण्याआधी खुर्ची अजून वीतभर पुढे ओढा.